मूड नसला तरी

"काका, मूड नसला तरी खांबाला तेल लावायला घ्यायचं. मग आपोआप चढावंसं वाटतं."

आज सकाळी आखाड्यात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा मला हे सांगत होता. हात चालूच. एरंडेलाचं फडकं वरपासून खालपर्यंत, सागवानी मल्लखांब चकाकेपर्यंत. मांड्या घासून लाल झालेल्या, तिकडे त्याचं लक्षही नाही. खांबाला नमस्कार, उडी, आणि दसरंग ही खांबावरची कसरत!

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. व्यायामगुरू जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य माणिकराव यांचं हे बडोदं. इथे व्यायाम म्हणजे रोजची ठरलेली वेळ. आणि आपण मुलांना विचारतो, "आज जावंसं वाटतंय का?" सकाळी सहाला कुणाला वाटेल हो?

तुमच्याकडे मुलं कशी निघतात?