अर्ध्या सुपारीएवढा कप

"काका, आता बटणाला हात लावू नका. अजिबात नको. आहे तसं राहू दे, मी निघालोच."

मागच्या जूनची गोष्ट, सकाळी पावणेनऊ वाजले असतील, मी गॅरेजचं शटर नुकतं वर केलं होतं. गुहागरच्या काकांचा फोन. त्यांचा आवाज कधी वर चढत नाही, आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेला माणूस, पण त्या दिवशी मला कळलं की काहीतरी बिघडलंय. म्हणाले गाडीचा उघडता येणारा कापडी टप अर्ध्यात अडकला, डावी बाजू वर आली नि उजवी खालीच राहिली, आधी टक् असा आवाज झाला. आणि इकडे समुद्राकडून आभाळ भरून येतंय.

आधी गाडीबद्दल सांगतो. आमचं गॅरेज चिपळूणला हायवेला, रोजचं काम म्हणजे बोलेरो, अल्टो, रिक्षा, टेम्पो. पण त्याआधी मी अकरा वर्षं मुंबईत इम्पोर्टेड गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये होतो, म्हणून इकडच्या अशा एक-दोन वेगळ्या गाड्या माझ्याकडे येतात. काकांची पोर्शे बॉक्स्टर त्यातली. 2001 ची, 2.7 लीटर, सहा सिलिंडर आडवे झोपवलेले आणि इंजिन सीटच्या मागे, बॉनेट उघडलं तर आत फक्त सामानाची जागा नि बॅटरी. चीफ इंजिनिअर म्हणून जहाजावरून उतरल्यावर काकांनी काही वर्षं साउथॅम्प्टनला नोकरी केली, 2003 ला कायमचे घरी आले तेव्हा ही सोबत आणली. तिथेही स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे ती अडचण आली नाही. तेव्हापासून हिवाळ्यात हेदवी, वेळणेश्वर अशी एखादी फेरी नि एरवी मांडवाखाली झाकून. आता ती चोवीस वर्षांची आहे आणि या वयात इंजिन नाही दगा देत, दगा देतं ते प्लास्टिक, रबर, छोट्या क्लिपा, कनेक्टर, जे कुणी मोजतच नाही.

काका दरवर्षी पावसाआधी एक दिवस गाडीला ऊन दाखवतात. जसं आपण गोधड्या काढतो, आमसुलं, फणसपोळी वाळत घालतो, तसंच. टप उघडायचा, सीटा, कारपेट सगळं वाळवायचं, बुरशी धरू नये म्हणून, आणि मग चार महिने बंद. त्या दिवशी सकाळी लवकर थोडं ऊन होतं म्हणून उघडला, साडेआठला वारा फिरला म्हणून बंद करायला गेले आणि हे झालं.

मी गॅरेजमधल्या बारक्याला सोबत घेतलं, टूलबॉक्स, जम्पर केबल, सिलिकॉन ग्रीस, केबल टाय आणि गवत कापायच्या मशीनचा नायलॉनचा दोरा (तो कशाला ते पुढे सांगतो), आणि निघालो. चिपळूण ते गुहागर पंचेचाळीस किलोमीटर, मार्गताम्हाणे सोडलं तशी वाऱ्याला पावसाचा वास यायला लागला आणि शृंगारतळीला बाजारात सगळे ताडपत्र्या बांधत होते. गाडी चालवताना डोक्यात एकच, काकांनी परत बटण दाबलं नसेल ना.

ते का, ते सांगायलाच पाहिजे कारण ज्यांच्याकडे अशी टप उघडणारी जुनी गाडी आहे त्यांना हे कुणी सांगत नाही. या गाडीत टपाला मोटर एकच, मधोमध, सीटच्या मागे. तिच्यातून दोन केबल निघतात, स्पीडोमीटरच्या केबलसारख्या फिरणाऱ्या, एक डावीकडच्या गिअरबॉक्सला एक उजवीकडच्या. प्रत्येक गिअरबॉक्सवर एक लिव्हर, त्या लिव्हरला एक काळा रॉड, तो रॉड टपाच्या सांगाड्याला ढकलतो. आणि रॉड लिव्हरला जोडलेला कशाने, तर एका प्लास्टिकच्या बॉल-कपाने. खालून गोळा, वरून कप, दाबला की टक् करून बसतो. अर्ध्या सुपारीएवढा तो कप. वीस-बावीस वर्षांनी हे प्लास्टिक सुकून ठिसूळ होतं नि एक दिवस त्याला चीर जाते. मग त्या बाजूचा रॉड सुटतो पण मोटरला हे कळत नाही, ती दुसऱ्या बाजूला ढकलतच राहते. सगळा टप तिरका होतो, सांगाडा पिळतो, आणि माणूस काय करतो तर "अडकलंय वाटतं" म्हणून परत बटण दाबतो. पहिल्या वेळी तुटलेला असतो फक्त कप. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सांगाडा वाकतो, गिअरबॉक्सचे दाते जातात. मुंबईला असताना असे दोन टप मी बघितलेत, दोन्हीकडे सुरुवात कपानेच झाली होती.

पोचलो तर काका खळ्यात गाडीजवळ खुर्ची टाकून बसलेले, कुणी हात लावू नये म्हणून. बटण दाबलं नव्हतं. टप खरंच तिरका, एका खांद्याने वर उचलल्यासारखा, टप दुमडून ज्याखाली बसतो ते मागचं झाकण अर्धं उघडं. काकू म्हणाल्या, "अरे चहा घे आधी." मी म्हटलं, "काकू, आधी झाकू, मग घेऊ." समुद्राच्या बाजूला सुरूच्या झाडांच्या वर सगळं काळंनिळं झालं होतं.

टॉर्च आत घातला. उजव्या बाजूचा कप दोन भागात, एक तुकडा खाली, टपाचं पाणी वाहून जातं त्या गटारीत पडलेला, एक रॉडला लटकलेला. तुटलेल्या कडेला बोट लावलं तर भुकटी आली, इतकं सुकलेलं. डाव्या बाजूचा कप अजून धरून होता पण त्यालाही केसासारखी चीर, म्हणजे तोही आज-उद्या जाणारच होता. तो मी स्क्रू ड्रायव्हर घालून हळूच उचकटला. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की टप मोटरपासून सुटतो आणि हाताने फिरवता येतो, वजन फार नसतं पण दोन्हीकडून सारखा उचलावा लागतो, म्हणून एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बारक्या, हळूहळू करत टप पुढे काचेपर्यंत आणला. सांगाडा सरळ होता. कुठेही वाकला नव्हता. मला त्या क्षणी एवढं बरं वाटलं की काय सांगू, काकांकडे बघितलं तर त्यांनी फक्त मान हलवली.

आता मागचं झाकण खाली घ्यायचं होतं, ते मोटरनेच जातं. इथे एक मेख आहे, पुढचं हँडल लॉक केलं की मोटरला करंट जात नाही, त्यामुळे टप पुढे नुसता धरून ठेवायचा, लॉक नाही करायचा, तेवढ्यात झाकण बंद करायचं. वारा एवढा की कापड शिडासारखं फुगायला लागलं. काका एका बाजूला, शेजारच्या आगरातला गडी धावत आला तो दुसऱ्या बाजूला, बारक्या मध्ये. मी आत बसलो, हँडब्रेक वर आहे बघितलं कारण हँडब्रेक खाली असेल तरी टप हलत नाही, चावी फिरवली, बटण दाबलं.

काही नाही. मोटर मेली.

फ्यूज बघितला, चांगला. बॅटरी चांगली, डॅशबोर्डवर दिवे नीट. परत दाबलं, काही नाही. पहिले थेंब काचेवर पडले, ते मोठे, रुपयाएवढे. सकाळी हीच मोटर चालली होती, कप तुटला तरी डाव्या बाजूला ढकलत होती, म्हणजे मोटर जळण्याचं काही कारण नव्हतं. मी सहज एसीचा पंखा लावून बघितला, तोही बंद. आणि काका बाहेरून टप धरलेल्या अवस्थेत म्हणाले, "पंखा ना? तो आठवडाभर असंच करतो. आणि रेडिओ कधीकधी चावी काढली तरी चालू राहतो."

बस, एवढंच हवं होतं. हा इग्निशन स्विच. चावी जिथे घालतो त्याच्या पाठीमागे लाकडी चौकोनी ठोकळ्याएवढा एक प्लास्टिकचा भाग असतो, चावी फिरली की त्याच्या आतले कॉन्टॅक्ट एकेक लाइन चालू करतात. ते झिजले की गाडी चालू होते पण काही लाइनी जात नाहीत, किंवा गेल्या तर बंद होत नाहीत. मी चावी 'ऑन'वर ठेवून बोटाने किंचित मागे घेतली, केसभर, आणि पंखा सुरू झाला. तसंच बोटाने धरून ठेवलं, दुसऱ्या हाताने बटण दाबलं, आणि मागून मोटरचा तो घुर्र आवाज आला. झाकण हळूहळू खाली गेलं. मी ओरडलो, "काका, लॉक करा!" त्यांनी हँडल फिरवलं, खट्ट.

आणि पाऊस आला, मिरगाचा, कौलांवर दगड टाकल्यासारखा. आम्ही सगळे भिजलो, पण गाडीत थेंब गेला नाही. नशीब म्हणजे काय तर गाडीच्या सीटखालीच इमोबिलायझर आणि सेंट्रल लॉकिंगचा कंट्रोल बॉक्स असतो, पाणी खाली साचलं की पहिला तोच जातो, आणि तो गेला की गाडी चावीला ओळखत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं त्यानंतर मी सहा महिने असे पाण्यात गेलेले बॉक्स नि हिरवे पडलेले कनेक्टरच उघडत होतो, स्वतःचं अर्धं सामान गाळात गेलं ते वेगळं. त्यामुळे गाडीच्या कारपेटखाली पाणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणूनच तो नायलॉनचा दोरा. टप जिथे दुमडून बसतो तिथे दोन्ही कोपऱ्यांत पाणी जायची भोकं असतात, तिथून नळीने ते मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. ती तुंबली की पाणी गाडीत. झाकण उघडं होतं तेव्हाच टॉर्चमध्ये मला दिसलं होतं की उजवीकडचं भोक सुरूच्या काड्यांनी आणि लाल मातीने गच्च आहे, मातीचं अगदी ढेकूळ झालेलं. पाऊस जरा थांबल्यावर गाडी ढकलत पडवीच्या छपराखाली घेतली, मागचं चाक काढून खालून तो दोरा नळीत सरकवला, हलवत हलवत वर नेला, हवेचा प्रेशर नाही मारायचा कारण नळी आतल्या आत सुटते. भसकन मुठभर चिखल आला आणि मागोमाग काळं पाणी. ते किती महिने तिथे साचलेलं होतं देव जाणे. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या भोकातून काय काय जायचं असतं याचा विचार करा. भोक करंगळीएवढं.

मग चहा झाला, सोबत गरम घावणे. काकांनी तेव्हा सांगितलं की मागच्या वर्षी टपाचा आवाज यायला लागला म्हणून त्यांनी मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपला फोटो, व्हिडिओ पाठवले होते, तिथून उत्तर आलं की दोन्ही गिअरबॉक्स, केबल, सगळं बदला, आकडा लाखाच्या पुढचा. कप वेगळा मिळतो हे कुणी बोललंच नाही. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. या गाडीबद्दल कुणालाही विचारा, तो इंजिनातल्या आयएमएस बेअरिंगबद्दल, म्हणजे मधल्या शाफ्टच्या बेअरिंगबद्दल, अर्धा तास बोलेल, ते बेअरिंग महत्त्वाचं आहेच, काकांचं मी क्लच करताना बदललंय. पण टपाचे कप, गटारीची भोकं, इग्निशन स्विच, पाण्याच्या टाकीचं झाकण, याकडे वाकून बघायला कुणाला वेळ नाही, कारण त्यात बिल होत नाही.

सामान मागवायला पाच दिवस गेले. कप मी धातूचे घेतले, तसे मिळतात, परत सुकायचा प्रश्न नाही. इग्निशन स्विचचं तर असं आहे की त्याच काळातल्या ऑडीमध्येही हाच बसतो, फक्त डबी बदलली की किंमत बदलते, मुंबईतल्या माझ्या जुन्या सोबत्याने ऑडीच्या दुकानातून घेतला आणि रात्रीच्या लक्झरीच्या ड्रायव्हरकडे दिला, सकाळी सहाला बहादूरशेख नाक्यावर मला मिळाला.

स्विच बदलणं म्हणजे कामापेक्षा शरीराची परीक्षा. ड्रायव्हरच्या पायाशी उताणं झोपायचं, डॅशबोर्डखालची हवेची नळी काढायची आणि हात वर घालून फक्त बोटांनी शोधायचं. दोनच स्क्रू, घड्याळाला शोभतील एवढे, त्यांच्या डोक्यावर कंपनीने लाल रंगाचा थेंब टाकलेला असतो, हलू नये म्हणून. तो थेंब आधी खरवडायचा, नाहीतर स्क्रूची खाच जाते आणि मग स्टिअरिंगचं सगळं लॉक उतरवायची पाळी. पहिला स्क्रू पाच मिनिटांत निघाला, दुसऱ्याला पाऊण तास. बारक्या टॉर्च धरून, काका बाहेर स्टुलावर, एक अक्षर बोलले नाहीत. जुना स्विच बाहेर काढून उघडला तर एक कॉन्टॅक्ट काळाठिक्कर, नि ज्या प्लास्टिकने तो दाबला जातो त्याची कड झिजून गोल झालेली. काकांनी तो चष्म्याजवळ धरून किती वेळ बघितला.

कप बसवायला मात्र दहा मिनिटं. थोडं सिलिकॉन ग्रीस, गोळ्यावर ठेवला, अंगठ्याने दाबला, टक्. दुसरा, टक्.

पण टप उघडून बघायला जुलैचा तिसरा आठवडा उजाडला, पाऊस सोडेच ना. मग एक रविवार असा आला की सकाळपासून ऊन. मी मुद्दाम गेलो. काकांनी हँडल सोडलं, हँडब्रेक वर, बटण दाबलं. दोन्ही बाजू एकसारख्या उठल्या. मध्यावर त्यांनी बोट काढलं, खाली उतरले आणि मागच्या प्लास्टिकच्या काचेच्या मधोमध तळहाताने हलकं दाबलं, नीट घडी पडावी म्हणून, नाहीतर त्या जुन्या प्लास्टिकला चुणी पडून ते फाटतं. मग परत आत बसून बटण. बारा सेकंदांचं काम त्यांनी दोन मिनिटांत केलं.

तुटलेला कप आणि जुना स्विच त्यांनी माझ्याकडून मागून घेतले होते. आतल्या खोलीत कपाटात लोणच्याच्या काचेच्या बरण्या आहेत, त्यातल्या एकीत ते ठेवले, वर कागद चिकटवला नि इंजिनरूमच्या सवयीने त्यावर तारीख, किलोमीटर आणि भागाचं नाव लिहिलं. मग मला म्हणाले, "आता डाव्या दाराची काच वर जाताना जरा कुरकुरते, ऐक बरं." मी दार उघडून कान लावला. कुरकुरत होती.