काकांचं विंडोज, पोरीचं उबुंटू

"हे लिनक्स आधी काढून टाका. व्हायरस तिकडूनच येऊन राहिला." माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप घेऊन पाय ठेवताच काकांनी निकाल देऊन टाकला. नागपूरच्या महाल भागात लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देणारा माणूस, त्यात ३१ जुलै तोंडावर. मागे त्यांची इंजिनिअरिंगची पोरगी तोंड पाडून उभी. विंडोजच्या जोडीला उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, तिनं टाकलेलं, तेव्हा आरोपी तीच.

पेनड्राइव्ह लावला की त्यातल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होत. अँटिव्हायरस ते उडवायचा, हिरवी खूण दाखवायचा, अन् लॅपटॉप पुन्हा सुरू केला की पहिले पाढे पंचावन्न. काकांनी वैतागून दुसरा अँटिव्हायरस विकत घेतला आणि पहिला तसाच ठेवला. एकाच दारावर दोन चौकीदार बसवले की ते चोर सोडून एकमेकांनाच हटकत बसतात. साधी एक्सेल उघडायची तरी दोघं ती तपासत, आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप धापा टाकत होता.

"क्विक हील घेऊ की कॅस्परस्की? दोन्हीकडे चालेल असा एकच अँटिव्हायरस सांगा." ड्युअल बूटवाला, म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज अन् लिनक्स दोन्ही ठेवणारा, प्रत्येक जण सीताबर्डीच्या माझ्या दुकानात हेच विचारतो. पण दोन्हीकडे एकाच वेळी पहारा देणारं काही नसतं. विंडोज सुरू असताना उबुंटू झोपलेलं असतं, आणि उबुंटू सुरू असताना विंडोज. त्यात उबुंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा हिस्सा, एक्स्ट-४ पद्धतीचा असतो, तो विंडोजला आपणहून वाचता येत नाही. उबुंटूला मात्र विंडोजचा एनटीएफएस पद्धतीचा हिस्सा सरळ दिसतो. म्हणजे ज्या लिनक्सवर काका खार खाऊन होते, तिथूनच त्यांचं विंडोज नीट तपासता येणार होतं.

आधी पेनड्राइव्ह उबुंटूत लावला. शॉर्टकटच्या शेजारी खरे फोल्डर जसेच्या तसे बसलेले. व्हायरस त्यांना फक्त 'हिडन' करतो, आणि लिनक्स त्या खुणेला जुमानत नाही. काकांचा जीव भांड्यात पडला. सोबत एक व्हीबीएस स्क्रिप्ट होती, म्हणजे विंडोजला हुकूम देणारी छोटी फाइल. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी ती चालते, मग फोल्डर उघडतं. माणसाला संशय येत नाही तो म्हणून.

मग विंडोजचं पार्टिशन. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही, ते अर्धवट हायबरनेट होतं आणि लिनक्स त्या पार्टिशनवर लिहू देत नाही. म्हणून विंडोजमध्ये जाऊन ते बंद केलं, रिस्टार्ट मारला आणि उबुंटूतून क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस लावला. क्लॅमएव्ही फुकट आहे, सांगाल तेव्हाच तपासतो, आणि व्हायरसच्या ओळखखुणांची यादी चढवायलाच जीबीभर रॅम खातो, त्यामुळे मी तो कायम चालू ठेवत नाही. पोरगी स्क्रीनला डोळे लावून बसली, काका चहाला गेले.

चहा संपायच्या आत माल सापडला. डी ड्राइव्हवर बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर, त्यात व्हायरसची एक एक्झी, म्हणजे चालणारी प्रोग्रामची फाइल.

विंडोजमधल्या दोन्ही अँटिव्हायरसना ती काऊन दिसली नसेल? सेटिंग उघडली, एक्सक्लूजनची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्यांची, यादी पाहिली. दोन्हीकडे तेच फोल्डर तिथं! ते सॉफ्टवेअर कुण्या ओळखीच्यानं क्रॅक करून 'फुकटात' टाकून दिलेलं, आणि टाकताना अँटिव्हायरसला सांगून ठेवलेलं की इकडं बघायचं नाही. नव्यातही तेच वगळलेलं. ठरल्या वेळी कामं लावणारा विंडोजचा टास्क शेड्युलर ती एक्झी दर लॉगिनला चालवायचा, ती नवी स्क्रिप्ट पेरायची. काकांनी दहा ब्रँड बदलले असते अन् प्रत्येकात तेच फोल्डर वगळलं असतं, तरी फरक पडला नसता. उबुंटूतल्या क्लॅमएव्हीला ती यादी ठाऊकच नव्हती.

आता खरी काळजी. काकांच्या एक्सेलमध्ये गिऱ्हाइकांचे पॅन अन् पोर्टलचे पासवर्ड, सगळे एकाच शीटमध्ये. म्हटलं, "काका, या विंडोजवरून आता काही भरू नका."

"अन् मग रिटर्न कायच्यावर भरू?"

"पोरीच्या उबुंटूवर. पोर्टल ब्राउझरमध्येच उघडते, आधार ओटीपीनं व्हेरिफायही होते."

पोरीनं फायरफॉक्स उघडून दिला. काकांनी तिथंच बसून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत ओटीपी मागितले अन् पासवर्ड बदलले. मधून मधून "माऊस तर बरा चालते बाप्पा यात" असं पुटपुटत.

ऑगस्टमध्ये विंडोज नव्यानं टाकलं. त्यावर फक्त त्याचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर, विकतचं काही नाही. एक्सक्लूजनची यादी कोरी. क्लॅमएव्ही उबुंटूत, बाहेरचे पेनड्राइव्ह अन् डी ड्राइव्ह तपासायला. बिलिंगचं सॉफ्टवेअर काकांनी पैसे मोजून घेतलं, थोडी कुरकुर करत.

एकच भांडण उरलं होतं. लॅपटॉप सुरू होताना विंडोज की उबुंटू विचारणाऱ्या ग्रबच्या मेनूत काही निवडलं नाही की लॅपटॉप उबुंटूत शिरायचा. विंडोजचं अपडेट किंवा डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन मध्येच रिस्टार्ट मागतं, तेव्हा ते अर्ध्यावर लटकायचं. काका म्हणाले विंडोज पहिलं ठेवा, पोरगी म्हणाली अजिबात नाही. ग्रबच्या फाइलीत डिफॉल्टपुढे 'सेव्हड' अन् सेव्हडिफॉल्टपुढे 'ट्रू' लिहून दिलं. शेवटी जे उघडलं होतं, तेच पुन्हा उघडेल. सकाळी लॅपटॉप आधी कोणाच्या हाती लागतो ते त्यांचं त्यांनी पाहावं.