राइड उभी, सही आडवी

दिवाळी संपली तशी कारखान्याची माणसं आली, क्रेन आली, आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत आमच्या पार्कात नवं पेंडुलम (लांब दांडीच्या टोकाला माणसं बसवून झोके घेणारी राइड) उभंही राहिलं. त्यात पहिलं गिऱ्हाईक बसायला मात्र मे महिना उजाडला. मधल्या काळात काय झालं ते लिहून ठेवतोय. अजून राग पुरता गेलेला नाही, तेव्हा कुठे आवाज चढलेला वाटला तर चालवून घ्या.

आमचा पार्क छोटा. गोव्यात, पेडणे तालुक्यात, काकांच्या काजूच्या बागायतीला लागून. लहान मुलांची रेलगाडी, दोन पाळणे, बंपर कार, एवढाच पसारा. 2023 च्या जानेवारीत जवळच्या मोपा विमानतळावरून विमानं उडायला लागली, रस्त्यावरची वर्दळ वाढली, आणि काकांनी ठरवलं की आता मोठ्यांसाठी काहीतरी हवं. चोवीस जणांचं पेंडुलम घेतलं, कोरं, गुजरातच्या कारखान्यातून.

विमानतळ जवळ म्हणजे उंचीच्या परवानगीत गाडं अडणार, असं ओळखीतला प्रत्येक जण सांगत होता. जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सर्वेअरकडून मोजून घेतली, विमानतळ प्राधिकरणाच्या पोर्टलवर अर्ज भरला, ना हरकत दाखला आला. अग्निशमनवाले आले, बघून गेले, दाखला आला. विजेचं, आर्थिंगचं झालं. ह्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते एका कागदावर: ही राइड माणसं बसवून चालवायला सुरक्षित आहे, असं सांगणारा तांत्रिक दाखला.

आता गंमत बघा. आपल्याकडे राइड्ससाठी देशभर लागू असा एक कायदा नाही. भारतीय मानक आहे, आयएस 15475, वॉटर पार्कसाठी वेगळं 15492. चांगली मानकं आहेत, मी वाचली. पण मानक म्हणजे शिफारस. ते पाळलं की नाही हे तपासून खाली सही कोणी करायची, हे ज्या त्या राज्याने ठरवायचं. मी ज्या पहिल्या कार्यालयात गेलो तिथले साहेब म्हणाले, आम्ही इमारती बघतो, तुमचं हे तर हलतं. दुसरीकडे म्हणाले, यंत्र आम्ही बघतो, पण कारखान्यातलं. तुमचा कारखाना आहे का? इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक पाया आणि खांब तपासून लिहून द्यायला तयार झाले, पण झोका घेणाऱ्या दांडीला ते हात लावेनात. म्हणजे जे हलत नाही त्याची हमी मिळत होती. जे हलतं आणि ज्यात माणसं बसतात, ते बघायला कोणी तयार नव्हतं.

त्यातल्याच एका साहेबांनी मोबाईल काढून मला व्हिडिओ दाखवला. अहमदाबादचं कांकरिया, 14 जुलै 2019. पेंडुलमच होतं तेही. झोका भरात असताना दांडी तुटली आणि माणसं बसलेला पाळणा खाली आला. दोघं गेले, तीसेक जण जखमी झाले. "उद्या असं झालं तर माझी सही कुठे असेल?" ते म्हणाले. प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, साहेब, म्हणून तर तपासा म्हणतोय. त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि म्हणाले, "बाब, फाल्यां येयात." म्हणजे, उद्या या.

मग 6 डिसेंबर 2025 ची रात्र आली. हडफडेच्या नाइटक्लबला आग लागली, 25 जण मेले, अधिकारी निलंबित झाले. त्यानंतर गोव्यात कोणत्याही दाखल्यावर सही करायला कोणाचा हात धजेना. त्याआधीच्या जानेवारीत केरीच्या पठारावर विनापरवाना पॅराग्लायडिंगमध्ये पुण्याची एक मुलगी आणि तिला घेऊन उडणारा, दोघंही गेले होते, तेही सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. भीती मला कळत होती. पण भीती वाटली की नीट तपासायचं सोडून फाइल पुढच्या टेबलावर ढकलायची, ह्याला सुरक्षितता कसं म्हणायचं? तेवढ्यात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या. लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेले आकाशपाळणे रातोरात उभे राहायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी माणसांनी भरून फिरायचे. आमचं काँक्रीटच्या पायावरचं पेंडुलम ताडपत्री पांघरून बसलेलं. काका रोज सकाळी त्याच्याकडे बघून बँकेच्या हप्त्याचा हिशोब ऐकवायचे.

ह्यात आणखी एक गाठ होती. पंचायत म्हणे आधी विमा दाखवा. विमा कंपनी म्हणे आधी तांत्रिक दाखला. आणि तांत्रिक दाखल्याचा अर्ज घेणारं कार्यालय (एव्हाना निदान अर्ज घेणारं एक सापडलं होतं) म्हणे पंचायतीचा परवाना जोडल्याशिवाय अर्ज अपुरा. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. मी तिघांची पत्रं एकाच प्लास्टिकच्या फोल्डरात घालून तिघांनाही दाखवली. तिघांनीही मान डोलावली.

शेवटी माहितीचा अधिकार वापरला. एकच प्रश्न: राज्यात करमणुकीच्या राइड्सची तांत्रिक तपासणी करण्यास कोणता अधिकारी सक्षम आहे? उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. उत्तर त्याच्या आधीच आलं, ते असं की अर्ज कलम 6(3) खाली संबंधित खात्याकडे वर्ग करण्यात येत आहे. संबंधित खातं म्हणजे मी पहिल्या दिवशी जिथे गेलो होतो तेच. पत्र वाचून काका पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

तरी अर्जाचा उपयोग झाला. वर्ग झालेला अर्ज आता त्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत बसला होता, त्याला उत्तर देणं भाग होतं. नुसत्या भेटीला उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून सांगतो, तोंडी काही विचारू नका. साधा अर्ज असला तरी दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क कुरकुरतो, कुरकुरू द्या.

विम्याची गाठ एका सर्वेअरने सोडवली. तांत्रिक दाखला मिळाल्यावरच लागू होईल अशा अटीचं पत्र विमा कंपनीकडून काढता येतं, हे त्याने सांगितलं. तसं पत्र पंचायतीने मान्य केलं. इतकं साधं होतं ते, आणि तोवर एकानेही सुचवलं नव्हतं. मग उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की सगळ्या खात्यांची संयुक्त पाहणी एकाच दिवशी लावा. ती लागली. एका मांडवाखाली सगळे समोरासमोर आले की "ते त्यांना विचारा" म्हणायची सोय राहत नाही, कारण ते तिथेच चहा पीत उभे असतात.

त्या पाहणीला एक निवृत्तीला आलेले मेकॅनिकल इंजिनिअर आले होते. साध्या चपला, खिशात टॉर्च. कागदांकडे त्यांनी नंतर बघितलं. आधी दांडीच्या मुळाशी बसले. वेल्डिंग चिंधीने पुसून त्यावर सोबतच्या मुलाकडून लाल रंगाचा फवारा मारून घेतला, थोडं थांबले, रंग पुसायला लावला, वर पांढरा फवारा. बारीक भेग असली तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. आम्ही सगळे वाकून बघत होतो. रेघ उमटली नाही.

मग वजनाची चाचणी. माणशी 75 किलो धरतात, म्हणजे चोवीस जागांना 1800 किलो. वाळूच्या गोण्या आणा म्हणाले. गोव्यात वाळू मिळवणं म्हणजे आणखी एक फाइल. आम्ही म्हापशाच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून उकडा तांदूळ आणला, पन्नासचं एक आणि पंचवीसचं एक पोतं प्रत्येक खुर्चीवर, पट्ट्यांनी करकचून बांधून. आधी सगळ्या जागा भरून चालवलं, मग मुद्दाम एकाच बाजूच्या. तांदूळ सुखरूप उतरला आणि दुकानात परत गेला.

मला वाटलं सुटलो. तेवढ्यात ते एका टोकाच्या खुर्चीवर स्वतः बसले, छातीवरचा दांडा अर्धाच खाली ओढून दोन बोटांनी धरून ठेवला आणि ऑपरेटरला म्हणाले, "करा बघू सुरू." दांडा पूर्ण लागल्याशिवाय राइड सुरूच होता कामा नये. पॅनेलवरचा दिवा हिरवा झाला. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. त्या खुर्चीचा सेन्सर अर्ध्यावरच "लागला" असं सांगत होता. कारखान्याने तो पाठवतानाच चुकीचा बसवलेला. तो बदलून, सगळ्या खुर्च्या पुन्हा तपासून मगच सही झाली.

म्हणून माझा राग आणखी वाढला. हा माणूस नोव्हेंबरात आला असता तर त्याच संध्याकाळी ही खोट कळली असती. दुपारभराचं काम होतं. तपासणी कडक करा, आणखी कडक करा, आमची ना नाही. पण तपासायला कोणीतरी या.

लक्षात येतील तशा आणखी काही गोष्टी सांगतो. पायाचं काँक्रीट ओतताना बोल्टांचे आणि सळ्यांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, नंतर ते कोणालाच दिसत नाहीत आणि सगळे विचारतात. कारखान्याकडून नुसतं मॅन्युअल घेऊ नका, डिझाइनचा सही केलेला हिशोबही मागा, आणि शेवटचा हप्ता तो हातात आल्यावरच द्या. वारा मोजायचं यंत्र पहिल्या दिवसापासून लावा. सेकंदाला 15 मीटर, म्हणजे ताशी 54 किलोमीटर, ही युरोपीय मानकातली मर्यादा आमच्या इंजिनिअरनीही धरली, त्यावर राइड बंद. रोज सकाळी रिकामी फेरी मारून वहीत नोंद करायची, आणि ती वही खरी लिहायची. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने केल्या की कळतं, त्यांनी आमची तशीच उलटसुलट बघितली. खाऱ्या वाऱ्याचा प्रदेश आपला, नटबोल्टला गंज फार लवकर धरतो, तेव्हा ग्रीसवर कंजुषी नको.

उंचीची पट्टी गेटवर रंगवली आहे. त्याखालच्या मुलाला घेणार नाही म्हटलं की आईबाप भांडतात, "अहो, दोन बोटांनी काय होतंय?" ऑपरेटर पोराला मी सांगून ठेवलंय की वाद घालायचा नाही, थेट माझ्याकडे पाठवायचं.

सुरू झालं आणि पंधरवड्यात पाऊस आला, म्हणजे सुट्टीचा हंगाम गेला तो गेलाच. दाखला एका वर्षाचा आहे. नूतनीकरणाचा अर्ज चतुर्थी झाली की लगेच टाकणार आहे. ते इंजिनिअर तोवर निवृत्त झालेले असतील, आणि त्यांच्या जागी कोण येणार हे विचारलं तर अजून ठरलं नाही म्हणाले.