कुरकुंभची लवंग युरोपला पाठवताना : माझा अनुभव

दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर जो वास येतो ना, तो युजेनॉलचा. लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. मी ज्या कंपनीत क्वालिटी बघते ती कुरकुंभ एमआयडीसीत हाच पदार्थ बनवते. त्यामुळे कंपनीच्या बसमधून हडपसरला उतरून रिक्षात बसले की रिक्षावाला हमखास विचारतो, "मॅडम, दवाखान्यात असता का?" आता मी हो म्हणून टाकते.

मी रुजू झाले तेव्हा आमचा बहुतेक माल मुंबईला मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्यांकडे जायचा आणि तिथून अगरबत्ती, धूप, साबणवाल्यांकडे. व्यापारी बाटलीचं बूच काढून वास घेणार, उजेडात धरून रंग बघणार आणि भावावरून हुज्जत घालणार, एवढीच काय ती तपासणी. धंदा बरा चालला होता, पण वाढत नव्हता. मालकांना वाटायचं, अजून एक रिअ‍ॅक्टर टाकला की वाढेल. माझं मत तेव्हाही वेगळं होतं. या धंद्यात टन वाढवणं त्यातल्या त्यात सोपं. माल कसा बनवला हे दाखवता येणं अवघड, आणि मोठं गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्याचेच.

मग एका मोठ्या फ्लेवर कंपनीकडून विचारणा आली : युजेनॉल हवं, पण 'नॅचरल', युरोपात खाद्यपदार्थांत वापरण्यासाठी. मालक म्हणाले, आपलं नॅचरलच आहे की, लवंगेच्या पानातूनच तर काढतो! इथेच खरी गोष्ट सुरू झाली.

आमचा कच्चा माल म्हणजे इंडोनेशियाहून येणारं लवंगेच्या पानांचं तेल. तिथे लवंगेच्या कळ्या क्रेटेक म्हणजे लवंग घातलेल्या सिगारेटींकडे जातात आणि झाडाखाली पडलेली वाळकी पानं गोळा करून तेल काढतात. या तेलात साधारण ८० टक्के युजेनॉल आणि उरलेल्यात मुख्यतः कॅरिओफिलीन. दोघांचे उत्कलनबिंदू जवळजवळ लागून (युजेनॉल २५४ अंशांना उकळतं), त्यामुळे नुसत्या डिस्टिलेशनने ते सुटे करणं जिकिरीचं. म्हणून सगळेजण सोपा मार्ग धरतात. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालायचं. युजेनॉल फिनॉल म्हणजे किंचित आम्लधर्मी असल्याने त्याचं सोडियम सॉल्ट होऊन पाण्यात उतरतं, कॅरिओफिलीन वर तरंगतं. ते बाजूला काढून पाण्यात आम्ल घातलं की युजेनॉल परत मोकळं होतं. स्वस्त आणि हमखास रीत.

पण युरोपच्या १३३४/२००८ या फ्लेवरिंगच्या नियमात नैसर्गिक म्हणजे काय ते लिहिलेलं आहे : मूळ वनस्पतिजन्य, प्राणिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य पदार्थातून भौतिक, एन्झाइमच्या किंवा सूक्ष्मजीवांच्या प्रक्रियेने मिळवलेलं. कॉस्टिक आणि आम्लाची ही उलटापालट आमच्या गिऱ्हाइकाला त्यात बसत नव्हती. रेणू तोच, पान तेच, तरी चालणार नाही. मालक आठवडाभर धुमसत होते. मला मात्र तो नियम पटला होता. नॅचरलचा भाव हवा तर नॅचरलचे कष्ट घ्यायला नकोत?

म्हणजे आता नुसत्या डिस्टिलेशननेच सुटं करायचं. त्यासाठी उंच कॉलम आला, आत स्ट्रक्चर्ड पॅकिंग (वाफ आणि द्रव नीट भेटावेत म्हणून भरलेले धातूचे पत्रे), चांगला व्हॅक्युम आणि भरपूर रिफ्लक्स, म्हणजे थंड झालेला माल पुन्हा कॉलममध्ये सोडणं. व्हॅक्युममुळे तापमान खाली राहतं, माल करपत नाही. शिवाय सगळी लाइन स्टेनलेस स्टीलची, कारण युजेनॉलला लोखंड लागलं की रंग चढतो. कर्ज, क्रेन, इन्शुरन्स हे सगळं मालकांनी निस्तरलं. त्यात माझा संबंध सह्यांपुरता.

जीसीवर (घटक सुटे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर) शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. नमुना गेला, आणि परत आला : "धुरकट". फ्लेवरवाले नमुना नुसता हुंगत नाहीत. साखरेच्या पाण्यात दहालाखात काही भाग इतका पातळ करून पॅनेलला चाखायला देतात. जीसीच्या आलेखावर जो कण दिसतही नाही, तो जिभेला सापडतो.

उलगडा केला आमच्या डिस्टिलेशनच्या काकांनी. दौंडचे, शिक्षण बारावी, पण नाक असं की ड्रम उघडला की लॉट सांगतात. ते म्हणाले, "मॅडम, गावाकडं लोखंडी भांड्यात, खाली जाळ लावून काढलेलं तेल हाय ह्ये. धूर आधीच आत बसलाय. तुम्ही पहिला कट कमी घेताय." खरंच होतं. ग्वायाकॉलसारखे धुरकट पदार्थ युजेनॉलच्या आधी उकळतात (ग्वायाकॉल २०५ अंशांना), म्हणजे सुरुवातीला उकळून येणारा भाग, तोच पहिला कट, जास्त बाजूला काढायला हवा. उतारा घटणार म्हणून मालकांचा जीव खालीवर. शेवटी काकांनी दर थोड्या वेळाने ब्लॉटरवर (वास घ्यायच्या कागदी पट्टीवर) थेंब घेत कट कुठे बदलायचा ते ठरवलं, मी तेच नमुने जीसी-एमएसवर (घटक कोणता तेही ओळखणाऱ्या जीसीवर) चालवले आणि दोन्ही जुळवून एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, लिहिली. त्या एसओपीत "ऑपरेटरने वास घेऊन खात्री करावी" अशी ओळ आहे. ऑडिटरने तिच्यावर बोट ठेवलं. मी ती काढली नाही, वास ओळखण्याच्या प्रशिक्षणाचं रजिस्टर पुढे केलं.

मग कागद. सीएएस ९७-५३-०, फेमा २४६७ हे पदार्थाचे ओळखक्रमांक, इथपर्यंत ठीक. पुढे अ‍ॅलर्जेन, जीएमओ, कीटकनाशकांचे अंश, जड धातू, हलाल, कोशर, शेल्फ लाइफ. मिथाइलयुजेनॉल किती, हे वेगळं विचारलं होतं, कारण युरोपात ते खाद्यपदार्थात मुद्दाम घालायला बंदी आहे आणि लवंगेत ते अंशाने असू शकतं. गंमत अशी की फ्लेवरसाठी पाठवलेल्या मालाला रीच नोंदणी (युरोपच्या रसायन कायद्याखालची) लागत नाही, खाद्यातला वापर त्यातून वगळलेला आहे. तोच ड्रम अत्तरवाल्याने मागितला आणि वर्षाला एका टनाच्या वर गेला, की नोंदणी आली, आमच्या वतीने ती करणारा युरोपातला 'ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह' आला आणि इतरांनी आधीच केलेल्या चाचण्यांचा डेटा वापरायचे पैसेही आले. त्यावर युजेनॉल साबण-क्रीमवर नाव छापाव्या लागणाऱ्या अ‍ॅलर्जेनमध्ये मोडतं. अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये मर्यादा ०.००१ टक्का, धुऊन टाकायच्या साबणात ०.०१. ही जबाबदारी आमची नाही, पण प्रत्येक गिऱ्हाईक प्रमाणपत्र आमच्याकडूनच मागतं.

गिऱ्हाइकाच्या ऑडिटच्या दिवशी मॉक रिकॉल, म्हणजे माल परत मागवायची रंगीत तालीम, होतं. ऑडिटरने गोडाऊनमधल्या एका ड्रमवर हात ठेवला आणि म्हणाला, हे तेल कुठल्या लॉटचं, तो लॉट अजून कुठे कुठे गेला, दुपारपर्यंत सांगा. आमच्या बाजूचं सगळं निघालं. अडलं ते मागे : तेल पाठवणाऱ्या एजंटने दोन-तीन डिस्टिलरांचा माल एकत्र करून एकच नंबर टाकला होता. मंजुरी मिळाली, पण 'पुरवठ्याचा दुसरा स्रोत उभा करा' या अटीवर.

ऑर्डर वाढल्यावर मालकांच्या आवडीचा विषय, दुसरा कॉलम, टेबलावर आला. फाउंडेशनची जागा आखूनही झाली. पण क्षमता वाढवायची म्हणजे एमपीसीबीची (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची) परवानगी नव्याने, आणि आम्ही युजेनॉलवर रासायनिक क्रिया करून आयसोयुजेनॉलही बनवतो, म्हणून सिंथेटिक ऑरगॅनिक केमिकल्सच्या यादीखाली २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीत दुरुस्ती. जुन्या कॉस्टिकच्या लाइनचं पाणी फिनॉलचं आणि खारट. ते तसंच सीईटीपीला (वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) सोडता येत नाही, पाणी आटवणारा इव्हॅपरेटर लागतो आणि इव्हॅपरेटरला वाफ लागते. मी हिशेब मांडून दाखवला की नॅचरलची लाइन वाढवली तर त्या पाण्यात भर पडत नाही. कॉस्टिकची वाढवली तर पाण्याचा खर्च मालाच्या नफ्यावर बसतो. मालकांनी तो कागद दोनदा वाचला, चहा मागवला आणि कॉस्टिकची वाढ पुढे ढकलली.

दुसऱ्या स्रोतासाठी मादागास्करहून पानांच्या तेलाचा नमुना आलाय. काकांनी हुंगून "ह्याला जाळ कमी लागलाय" म्हणून पास केला, जीसीवरही ठीक आहे. मी तिकडच्या डिस्टिलरला प्रश्नावलीची एक्सेल पाठवली. पानं कोणत्या गावातून गोळा केली, भांडं कशाचं, लॉट एकत्र करता का, सगळं विचारलंय. त्याचं पहिलं उत्तर काल आलं : "एवढं सगळं कशाला हवं? तेल तर शुद्ध आहे!" मालकांना वाचून दाखवलं, तर हसायला लागले.