ओट्याशी उभ्यानं

सोमवार, रात्री पावणेअकरा

आज लिहून ठेवतेच. भाऊबीज होऊन तीन आठवडे झाले आणि दिवाळीचा चिवडा कधीच संपलाय. घरात माणसं चार. सासूबाईंना कवळी, त्या चिवड्याच्या वाटेला जात नाहीत. ह्यांना संध्याकाळी तेलकट खाल्लं की रात्री छातीत जळजळतं. चिरंजीव बारावीला, त्याला घरचं सोडून सगळं आवडतं. तेव्हा दोन किलो चिवडा कोणी फस्त केला हे शोधायला पोलीस नकोत.

बरं, डबा संपला तर संपला. मी काय केलं, तर राजवाड्याजवळच्या दुकानातून अर्धा किलो आणून तो गुपचूप भरून ठेवला. मग तोही संपला म्हणून पुन्हा. आता मी गाडी स्टँडवर लावेपर्यंत दुकानातला मुलगा माप करून ठेवतो. काही विचारत नाही. मला त्याच्या न विचारण्याचीच लाज वाटते.

मी पतसंस्थेत कॅशला बसते. काउंटर साडेपाचला बंद होतो, पण कॅश जुळल्याशिवाय उठायचं नाही. आज 40 रुपये जादा निघाले. कमी निघाले तर आपल्या पर्समधून घालून मोकळं होता येतं. जादा निघाले म्हणजे कोणाला तरी कमी गेलेत. सगळ्या स्लिपा पुन्हा पालथ्या घातल्या. निघेपर्यंत सात वाजले. पोवई नाका ते शाहूपुरी, गाडीवर पंधरा मिनिटं. पर्स खुर्चीवर टाकली, हातपाय धुतले आणि थेट स्वयंपाकघर.

दिवा लावत नाही. डब्याचं झाकण घट्ट आहे, उघडताना टण्णकन वाजतं, म्हणून अंगठ्यानं दाबून धरून एका बाजूनं हळूहळू उचलायचं. ही विद्या मी कधी शिकले कोण जाणे. मग ओट्याला टेकून, उभ्यानं, मुठीमागून मूठ. पहिल्या दोन मुठींना चव असते. पुढे नुसती कुरकुर. एखादा खवट शेंगदाणा लागला तर तेवढ्यापुरती जाग येते. बाहेर मालिकेतली सासू ओरडत असते. दहा मिनिटांनी हात धुताना नखांच्या कडेला पिवळं दिसतं, साबणानं जात नाही.

आणि नऊला सगळ्यांबरोबर पुन्हा जेवतेच. नाही जेवलं तर विचारतील ना.


बुधवार

रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर 6.1. डॉक्टरबाई म्हणाल्या, 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर, अजून आत गेलेला नाहीत. संध्याकाळी काय खाता, असं विचारलं. मी म्हटलं, "चहा घेते फक्त."

चाळीस रुपयांसाठी दीड तास बसणारी बाई!

घरी येऊन, म्हटलं बघूया तरी, म्हणून मुठी डब्यातून थेट तोंडात न घालता काट्यावरच्या ताटलीत टाकत गेले. रोजच्या अंदाजानं थांबले तेव्हा काटा 140 ग्रॅम दाखवत होता. तळलेल्या चिवड्याच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 500 कॅलरी धरतात, म्हणजे 700 झाल्या. सहा-सात पोळ्यांचा ऐवज. ताटलीकडे बघत बसले. मग खाल्लाच, टाकणार कुठे.


शनिवार

मोबाईलवर जो तो सांगतो, मनात काय साचलंय ते शोधा. आज शोधलं, अगदी प्रामाणिकपणे. माहेरचं दुःख नाही, सासरचा जाच नाही. ह्यांचं-माझं जेवढं भांडण होतं तेवढं सगळ्यांचंच होतं. काही सापडेना तशी मी खट्टू झाले. एखादं घसघशीत कारण असतं तर बरं वाटलं असतं.

सापडलं ते असं, की आमच्याकडे जेवायला आळीपाळीनं सोडतात आणि माझी पाळी पावणेएकला. त्यानंतर घरी येईपर्यंत साडेसहा तास पोटात चार कप चहा, बस्स. तेव्हा निम्मं भूत म्हणजे साधी भूक आहे. इतकी वर्षं मी तिला मनाचा आजार समजून स्वतःवर डाफरत होते.

निम्मं. कारण भुकेपोटी खाणारा माणूस दिवा लावून खातो.


गुरुवार, मार्गशीर्षातला दुसरा

उपास. दिवसभर एक केळं आणि चहा. दुपारी काउंटरला गर्दी नव्हती तर मी मोबाईलवर मिसळीचे व्हिडिओ बघत होते, एकामागून एक, कट ओततात तिथे थांबून. देवी बघतेय हेही भान नाही.

मागे एकदा वाचलं होतं ते आठवलं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुण संशोधनासाठी आपणहून सहा महिने अर्धपोटी राहिले होते. चांगले धडधाकट पुरुष, पण त्यांना जेवणाशिवाय काही सुचेना. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. प्रयोग संपल्यावर कितीतरी जणांना पोट फुटेस्तोवर खाऊनही भरल्यासारखं वाटेना. माझा एका दिवसाचा उपास कुठे आणि ते कुठे, पण संध्याकाळी पूजा झाल्यावर मी पुरणपोळीवर जशी तुटून पडले ते बघता आमचं काही नातं असावं.

म्हणजे "उद्यापासून संध्याकाळी काहीच खायचं नाही" हा जो माझा दर सोमवारचा निश्चय असतो, तोच डबा रिकामा करतो. उरलेले गुरुवार केळ्याबरोबर दाण्याचा लाडू नेणार. देवी समजून घेईल.


शनिवार

आज गंमतच झाली. हे, सासूबाई आणि लेक कोरेगावला लग्नाला गेले. मला सुट्टी मिळाली नाही. घरी आले, घर रिकामं. हात धुतले आणि कोचावर पाय वर घेऊन पडले. पंखा बघत. साडेआठला भूक लागली तेव्हा लक्षात आलं, आपण आज डब्याकडे गेलोच नाही. तो होता तिथेच, भरलेला, फळीवर.

किती वेळ उलगडेना. मग एकदम लख्ख कळलं.

स्वयंपाकघरात उभी असलेली बाई कामात आहे असं घर धरून चालतं. तिला हाक मारत नाहीत. तेच मी बाहेरच्या खोलीत टेकले, की दोन मिनिटांत लाइटचं बिल भरलंस का, आई माझं जर्नल कुठाय, रक्तदाबाची गोळी संपली वाटतं. अख्ख्या दिवसात मला कोणी काही विचारत नाही अशी दहा मिनिटं फक्त तिथेच मिळतात. उभ्यानं, अंधारात. चिवडा हे तिथे थांबायचं भाडं.

नुसतं उभं राहायला काही कारण नको का? रिकामी बाई दिसली की लोक विचारतात, काय झालं.


मंगळवार

दोन गोष्टी सुरू केल्यात. पाचला काउंटरच्या मागेच डबा उघडते. आज वाघ्या घेवड्याची उसळ नि अर्धी भाकरी, लग्नाला गेलेल्या मंडळींनी कोरेगावहून दोन किलो घेवडा आणलाय. शेजारचा क्लार्क म्हणाला, "मॅडम, रात्रपाळी आहे का?" म्हणू दे. कॅशही पहिल्या झटक्यात जुळली, आता हा उसळीचा गुण की योगायोग, देव जाणे.

दुसरी अवघड होती. घरी आल्यावर वीस मिनिटं मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि तसं घरात सांगायचं. सांगताना मला चोरी केल्यासारखं झालं. ह्यांनी "बरं" म्हटलं आणि चार मिनिटांनी बिलाचा कागद घेऊन आले. त्यांना परत पाठवलं.

मग सासूबाई आल्या. त्या पाटण खोऱ्यातल्या, बोलणं अजून तिकडचंच.

"बरं न्हाय का गं तुला?"

"बरी आहे की आई. नुसती बसलेय."

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "मी मशेरी लावायची. डाक्टरनं सोडाय लावली. दुपारची भांडी झाली की मागच्या दारी दगडावर जाऊन बसायची, चांगली अर्धा तास. दात घासाय व्हय अर्धा तास लागतोय?"

आणि आत निघून गेल्या. जाताना दार ओढून घेतलं.


रविवार

सगळं सुरळीत नाही. शुक्रवारी एका खातेदारानं सगळ्यांसमोर आवाज चढवला, चूक त्याची होती, साहेबांनी बाजू त्याची घेतली. उसळ खाल्लेली, पोट भरलेलं, तरी घरी येऊन अंधारात डबा काढलाच. पण तिसऱ्या मुठीला मला चिवडा लागेना, साहेबच लागायला लागले. झाकण लावलं. गॅलरीत जाऊन रडले थोडी. रडण्यापेक्षा चिवडा सोपा असतो, हे मात्र खरं.

आज संध्याकाळी चिवडा खावासा वाटला. उगाचच, आवडतो म्हणून. स्वयंपाकघरातला दिवा लावला, वाटी घेतली, झाकण उचललं. टण्णकन वाजलं. आतून लेक ओरडला, "आई, चिवडा का? मला पण आण, वर कांदा घाल."

आता कांदा चिरणं आलं.