उतारावरची रात्रपाळी

आल्प्समधल्या एका छोट्या स्की-गावात मी सहा दिवस राहिले. त्यांपैकी पाच दिवसांविषयी लिहिण्यासारखे एवढेच आहे की मी असंख्य वेळा पडले आणि माझ्या कमरेएवढी मुले माझ्या शेजारून हसत निघून गेली. हा लेख लिहायला बसले ते दुसऱ्या रात्रीच्या झोपमोडीमुळे. ‘डोंगरातील नीरव शांतता’ असे ज्या खोलीचे वर्णन वाचून मी ती घेतली होती, तिच्या छतावरून रात्री एक वाजता पिवळे झोत फिरू लागले आणि पाठोपाठ एखादा बुलडोझर अंगणात शिरावा तशी घरघर सुरू झाली. दिवसभर स्कीच्या घसटीने खडबडीत झालेले उतार सपाट करणारी ही यंत्रे. सकाळी मी तक्रार घेऊन गेले, तेव्हा दिलगिरीऐवजी ‘चालकाशेजारी एक जागा असते, बसून पाहा’ असा सल्ला मिळाला. काहीशा रागानेच मी त्याच रात्रीची जागा घेतली.

बाहेरून राक्षसी वाटणारे हे यंत्र आतून उबदार, स्वच्छ आणि माझ्या खोलीपेक्षा निश्चितच अधिक शांत होते. पुढे बर्फ ढकलणारी फळी, खाली रुंद साखळपट्टे आणि मागे बर्फ भुसभुशीत करून दाबणारा फिरता दंड. त्याला टिलर म्हणतात, पण शेतातला रोटाव्हेटर पाहिलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मोठे यंत्र तासाला वीस ते तीस लिटर डिझेल पिते. लिटरमागे साधारण २.६ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर पंचवीस लिटरच्या हिशेबाने आठ तासांच्या एका पाळीत अर्ध्या टनाहून अधिक वायू हवेत जातो, आणि त्या रात्री डोंगरावर अशी चार यंत्रे फिरत होती. ज्या हिमावर हे सगळे गाव जगते, तेच राखण्यासाठी ते वितळवणारा धूर सोडायचा, हा विरोधाभास मी चालकाला काहीशा आढ्यतेने ऐकवला. त्याने मान डोलावली आणि समोरच्या पडद्यावर बोट ठेवले.

पडद्यावर ४७ हा आकडा होता. उन्हाळ्यात मोजलेल्या उघड्या जमिनीचा नकाशा यंत्रात साठवलेला असतो, उपग्रहांच्या मदतीने यंत्राची आताची उंची कळते, आणि या दोहोंतल्या फरकावरून पट्ट्यांखाली किती सेंटीमीटर बर्फ आहे ते दिसते. पूर्वी हे अंदाजाने चाले. कमी पडायला नको म्हणून कृत्रिम बर्फ जास्तच पाडला जाई, मग तो पसरवण्यासाठी यंत्राच्या फेऱ्या वाढत. आता दाट थराच्या जागेवरून बर्फ उचलून पातळ जागी नेला की काम भागते. त्या बर्फासाठी लागणारे पाणी आणि वीज वाचते, शिवाय फेरीही वाचते. सपाटीवर आल्यावर त्याने टिलरचा वेग उतरवला आणि इंजिनाचा सूर एकदम खाली आला. टिलर बरीच ताकद खातो आणि नवशिके चालक तो सगळीकडे एकाच वेगाने फिरवतात, असे तो म्हणाला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची. बर्फालाही जमिनीसारखा वाफसा असतो. फार ओला असताना तो दबून चिखलासारखा होतो. पूर्ण गोठल्यावर हात घातला तर ढेकळे निघतात आणि त्याच पट्ट्यावरून दोनदा जावे लागते. नेमकी वेळ साधली तर एका फेरीत काम होते आणि पहाटेपर्यंत कण एकमेकांना धरून पृष्ठभाग घट्ट होतो. माझी झोप ज्या कारणासाठी मोडली होती ते हे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागले.

परतताना शेडमध्ये चार्जिंगला लावलेले एक लहान विजेवरचे यंत्र त्याने दाखवले. नवशिक्यांच्या उतारापुरते ते दोन-तीन तास चालते. मोठ्या यंत्रांचे तसे सोपे नाही. चढावर कित्येक टनांचे धूड तासन्‌तास रेटायचे, त्यात बॅटरीचे वजन वाढवायचे आणि वर थंडीने तिची क्षमता घटायची. प्रिनोथ या कंपनीने २०२० मध्ये हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलवर चालणारे मोठे यंत्र दाखवले खरे, पण डोंगरावर हायड्रोजन पोहोचवण्याची सोय आधी लागते, आणि तो स्वच्छ विजेपासून बनवलेला नसेल तर धूर फक्त दुसऱ्या गावी निघतो. पिस्टेनबुली या दुसऱ्या ब्रँडचे डिझेल-विद्युत यंत्र उतरताना साखळपट्ट्यांतून मिळणारी ऊर्जा टिलरला देते. ती कल्पना मला सर्वांत समंजस वाटली. वापरलेल्या खाद्यतेलापासून बनणारे डिझेल आहे त्याच इंजिनात चालते, हे फार सोयीचे. मात्र जगात तळणीचे तेल उरते तरी किती, असा प्रश्न मला उगाचच पडला.

उतरण्यापूर्वी त्याने सहज विचारले, ‘तुम्ही इथवर कशा आलात?’ मी विमानाने आले होते, पुढे भाड्याच्या गाडीत एकटीने. स्की रिसॉर्टच्या एकूण उत्सर्जनात पाहुण्यांच्या प्रवासाचा वाटा सहसा सर्वांत मोठा असतो, हे मला ठाऊक होते आणि त्यालाही. त्याने त्यावर काही म्हटले नाही. मी दार उघडताना थोडी घाई केली.

शेवटच्या रात्री घरघर पुन्हा सुरू झाली आणि मी जागी झाले. पडल्या पडल्या ऐकत राहिले. चढाचा सूर, मग वळण, मग तो सूर एकाएकी उतरला. तो सपाटीवर आला असणार.