अंदाजाची वही

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारलेली असून डाव्या रकान्याला ‘अंदाज’ आणि उजव्या रकान्याला ‘प्रत्यक्ष’ असे नाव दिले आहे. डावा रकाना गोष्ट घडण्याआधी भरायचा आणि उजवा ती घडून गेल्यावर, एवढाच तिचा नियम. गेली चार वर्षे मी ही वही ठेवते आहे, आणि स्वतःच्या विचार करण्याच्या पद्धतीत जो थोडाफार बदल मला घडवता आला तो बहुतांशी या उभ्या रेघेमुळे घडला. त्याआधी माझी सारी भिस्त संकल्पांवर होती. नव्या वर्षाचे, वाढदिवसाचे, नव्या नोकरीचे, अगदी आजारातून उठल्याचेही संकल्प मी केले होते, आणि प्रत्येकाचे नव्याचे नऊ दिवस सरले की येरे माझ्या मागल्या.

वहीची सुरुवात मात्र स्वतःला सुधारण्याच्या इच्छेने झाली नाही; ती एका वादातून झाली. तांत्रिक अहवाल तपासून त्यांची भाषा नीट करणे हे माझे काम. एक अहवाल ठरल्यापेक्षा उशिरा दिला तेव्हा माझे वरिष्ठ शांतपणे म्हणाले, “तुमचा अंदाज नेहमीच चुकतो.” मला ते फार लागले. माझे अंदाज एरवी बरोबर येतात, हा एक अपवाद होता, असे मी त्यांना सांगितले आणि ते मला मनापासून खरेही वाटत होते. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, “कुठे लिहून ठेवले आहे का?” लिहिलेले काहीच नव्हते. त्या रागातच मी वही आणली, ती त्यांना खोटे पाडण्यासाठी.

पहिली नोंद अजून तशीच आहे. डावीकडे ‘१२० पानांचा अहवाल, चार दिवस’ आणि उजवीकडे ‘नऊ दिवस’. त्याखाली बारीक अक्षरात ‘तक्ते उशिरा आले’. पुढच्या नोंदीत तीन दिवसांचे पाच झाले होते, कारण मध्येच दुसरे तातडीचे काम आले. त्यानंतरच्या नोंदीत संगणक बिघडला होता, त्यापुढे मी स्वतः तापाने आजारी होते. चौदा नोंदी झाल्यावर मी पाने उलटून पाहिली, तेव्हा बारा ठिकाणी उशीर होता. प्रत्येक ठिकाणचे कारण वेगळे होते, प्रत्येक कारण खरे होते, आणि नेमकी तीच गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. कारणे खोटी असती तर मी स्वतःला आळशी ठरवून मोकळी झाले असते. प्रत्येक वेळी काहीतरी अनपेक्षित घडणारच, एवढी एकच गोष्ट त्या बाराही वेळा अपेक्षित होती आणि तीच मी हिशेबात धरली नव्हती.

पुढे वाचनात आले की डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच या प्रवृत्तीला नाव दिले होते. मराठीत तिला नियोजनाचा भ्रम म्हणता येईल. कॅनडातील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारले की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. त्यांच्या अंदाजांची सरासरी सुमारे ३४ दिवस आली. सगळे काही बिघडले तर किती दिवस लागतील, या प्रश्नाच्या उत्तरांची सरासरी सुमारे ४९ दिवस होती. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणजे वाईटात वाईट काय होईल याची कल्पना करतानाही माणूस स्वतःला सवलत देत होता. अंदाज बांधताना आपण समोरच्या कामाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणतो आणि त्या पायऱ्यांवरून विनाअडथळा चढत जातो. आधीची तशीच कामे किती दिवस चालली होती, हा साधा प्रश्न मनात येतच नाही. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी सुचवलेला उपाय याच प्रश्नाचा होता. मीही आता वेगळे काही करत नाही. नवे काम आले की उजव्या रकान्यातील तसलीच पाच-सहा जुनी कामे शोधते, त्यांना लागलेले दिवस पाहते आणि तोच आकडा सांगते. तो आकडा सांगताना जीभ अडखळते, कारण मनातला आकडा नेहमी लहान असतो. माझे वरिष्ठ बरोबर होते हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

हे सारे मनात ठेवून का चालत नाही, लिहूनच का काढावे लागते, असे मला अनेक जण विचारतात. त्याचे कारण असे की निकाल कळताच आपली आठवण त्या निकालाच्या बाजूला सरकते आणि ती सरकली हे आपल्याला कळतसुद्धा नाही. मराठीत याला पश्चातबुद्धी हा फार नेमका शब्द आहे. बरूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याच विषयावरचा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ साली चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाणार होते, तेव्हा या दौऱ्यांत काय काय घडण्याची किती शक्यता आहे, हे या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून आधीच लिहून घेतले. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपण तेव्हा काय लिहिले होते ते आठवायला सांगितले. जे घडले असे त्यांना वाटत होते, त्या गोष्टींची शक्यता आपण मुळात वर्तवली होती त्यापेक्षा जास्त वर्तवली होती, असेच त्यांना बहुतेक वेळा आठवले. यात कुणी लबाडी करत नव्हते. अनुभवातून शिकावे असे आपण सहज म्हणतो. पण ‘मला हे आधीच वाटले होते’ असे ज्याला प्रत्येक वेळी वाटते त्याच्या दृष्टीने तो कधी चुकलेलाच नसतो, मग त्याने शिकायचे तरी कशातून? चार्ल्स डार्विन यांनी १८७६ साली लिहिलेल्या आत्मवृत्तात आपला एक नियम नोंदवला आहे: आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी बाब वाचनात आली किंवा सुचली, तर ती ते न चुकता आणि ताबडतोब टिपून ठेवत, कारण अशा बाबी अनुकूल बाबींपेक्षा लवकर विसरल्या जातात हा त्यांचा अनुभव होता. एवढ्या मोठ्या निरीक्षकाला आपल्या स्मरणशक्तीवर या बाबतीत विश्वास नव्हता, हे वाचून मला बरे वाटले.

कामाचे अंदाज लिहिता लिहिता मी माणसांबद्दलचेही लिहू लागले, आणि वहीचा खरा उपयोग मला तिथे झाला. मी स्वभावाने धास्ती घेणारी आहे. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. एका संध्याकाळी मैत्रिणीला मी सविस्तर निरोप पाठवला होता आणि तिचे उत्तर आले, ‘ठीक’. पुढे पूर्णविराम. त्या पूर्णविरामाकडे मी किती वेळ पाहत बसले हे सांगायला संकोच वाटतो. शेवटी वही उघडून डावीकडे लिहिले, ‘ती दुखावली आहे, मागच्या आठवड्यातील बोलणे तिला लागले आहे.’ दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. एका हातात सामान घेऊन ती जिना चढत होती आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जेवढे जमले तेवढे तिने लिहिले होते. मागच्या आठवड्यात मी काय बोलले ते तिला आठवतही नव्हते. उजवीकडे मी लिहिले, ‘जिना’. त्या पानावर आजही एवढाच शब्द आहे.

अशीच एक नोंद एका फोनची आहे. कामातील एक चूक कबूल करण्यासाठी मला तो करायचा होता आणि ‘फार ऐकून घ्यावे लागेल, संबंध बिघडतील’ या भीतीने मी तो अकरा दिवस टाळला. संभाषण चार मिनिटांत आटोपले आणि त्यातले एक मिनिट हवापाण्याच्या चौकशीत गेले. अकरा दिवस आणि चार मिनिटे हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की ते स्वतःच बोलतात. त्यासाठी धीर एकवटण्याचा वेगळा संकल्प करावा लागत नाही. तरीही माझी भीती प्रत्येक वेळी खोटी ठरली असे सांगितले तर ते असत्य होईल. दोनदा समोरचा माणूस खरोखरच रागावलेला निघाला. एकदा तर माझ्यावर नाराज असलेल्या माणसाची डाव्या रकान्यात नोंदच नव्हती, कारण तिथे सारे काही उत्तम आहे असे मी गृहीत धरले होते. मी जास्त घाबरते इतकेच मला वाटत होते. वहीने दाखवले की मी नको तिथे घाबरते.

यातूनच डाव्या रकान्यात एक जास्तीची ओळ आली: ‘हे चूक आहे असे कशावरून समजेल?’ ती मला मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांच्या १९६० सालच्या प्रयोगावरून सुचली. २, ४, ६ ही त्रयी एका नियमात बसते, तुम्ही निरनिराळ्या त्रयी सुचवून तो नियम ओळखा, असे त्यांनी लोकांना सांगितले होते. बहुतेकांनी दोन-दोनने वाढणाऱ्या संख्या असा तर्क केला, ८, १०, १२ सारख्या आपल्या तर्काला साजेशा त्रयीच विचारल्या, प्रत्येक वेळी होकार मिळवला आणि पहिले जाहीर केलेले उत्तर चुकवले. खरा नियम होता चढत्या क्रमातील कोणत्याही तीन संख्या. एखाद्याने १, २, ९ विचारून पाहिले असते तरी तर्क ढासळला असता; पण आपलाच तर्क पाडण्यासाठी प्रश्न विचारावा, हे मनाला रुचत नाही. मैत्रीण दुखावली आहे असे ठरवल्यावर मीही तिचे जुने निरोप चाळले होते आणि त्यांत मला तुटकपणाच दिसला होता. तुटकपणा शोधणाऱ्याला तो कुठेही सापडतो.

आता सवयीविषयी. खोड आपोआप लागते, सवय मात्र लावावी लागते, हा आपल्या भाषेने केलेला भेद मला फार मार्मिक वाटतो. वहीची सवय लागायला मला जवळजवळ चार महिने लागले आणि त्या काळात एकवीस दिवसांच्या प्रसिद्ध नियमाने माझे नुकसानच केले. त्या आकड्याचे मूळ बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी शल्यविशारदाने १९६० साली नोंदवलेल्या निरीक्षणात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान सुमारे एकवीस दिवस लागतात, असे ते होते. त्यातले ‘किमान’ गळून पडले आणि बाकीचा आकडा जगभर पसरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे केलेल्या अभ्यासात, एखादी कृती जवळपास आपोआप होऊ लागण्याचा मध्यम काळ ६६ दिवस निघाला आणि व्यक्तीव्यक्तींतील फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. अभ्यास मुळात ८४ दिवसांचा असल्यामुळे मोठे आकडे गणिताने पुढे वाढवून काढलेले आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवे. बाविसाव्या दिवशी वही उघडायचा कंटाळा आला तेव्हा मी स्वतःला नालायक ठरवले होते. याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा येत नाही असेही आढळले होते, पण ते मी फार उशिरा वाचले.

वही अखेर टिकली ती चष्म्यामुळे. ‘रोज लिहीन’ याऐवजी ‘रात्री चष्मा काढून डबीत ठेवण्याआधी वही उघडीन’ असे मी ठरवले. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात अशा ‘जेव्हा अमुक, तेव्हा तमुक’ पद्धतीच्या निश्चयांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. नुसत्या इच्छेपेक्षा प्रसंगाला बांधलेली इच्छा अधिक वेळा प्रत्यक्षात उतरते. चष्मा रोज काढावाच लागतो, त्यामुळे आठवण ठेवण्याचे काम माझ्याकडे उरले नाही. पुढे घर बदलले तेव्हा डबी टेबलाऐवजी पलंगाजवळ गेली, वही खणातच राहिली आणि तीन आठवड्यांत नोंदी थांबल्या. माझा निर्धार ढळला असे मला तेव्हा वाटले; खरे तर फक्त डबीची जागा बदलली होती. डबी पुन्हा टेबलावर आणली आणि नोंदी सुरू झाल्या. जुन्या सवयी घराबरोबर सुटतात ही गोष्ट उलट्या दिशेनेही कामाला येते: झोपण्यापूर्वी तासभर फोन पाहण्याची माझी खोड त्याच घरबदलात गेली, कारण नव्या खोलीत पलंगाजवळ वीजजोडणीच नव्हती.

मध्यंतरी मी प्रत्येक नोंदीला गुण देऊन महिन्याची टक्केवारी काढू लागले होते. त्यामुळे झाले एवढेच की मी सोपे अंदाज लिहू लागले. दोन महिन्यांनी तो उद्योग बंद केला.

वहीत न बसणाऱ्या गोष्टीही आहेत. जुनी नोकरी सोडावी की नाही हा प्रश्न मी डावीकडे लिहिला, तेव्हा उजवीकडे काय लिहायचे हे मला कळले नाही, कारण न सोडलेल्या नोकरीचे प्रत्यक्ष मला कधी दिसणारच नव्हते. अशा ठिकाणी मी आता अंदाजाऐवजी त्या दिवशीची कारणे लिहिते आणि पुन्हा वाचण्याची तारीख टाकून पान दुमडून ठेवते. नोकरीचे पान दोन वर्षांनी उघडले, तेव्हा पाचपैकी तीन कारणे मी साफ विसरले होते आणि जे कारण मी या काळात सर्वांना सांगत आले होते ते त्या यादीत नव्हतेच. सध्या वहीत तीन पाने दुमडलेली आहेत. सर्वांत जवळची तारीख पुढच्या फेब्रुवारीतील आहे.